जुनी गाडी नवीपेक्षा महाग का होती?

ट्राबांट नावाची एक मोटार होती. पूर्व जर्मनीतल्या त्स्विकाऊ या गावी ती बनायची. टू-स्ट्रोक इंजिन, जेमतेम २६ अश्वशक्ती, मागे निळसर धुराची शेपटी. बॉडी पत्र्याची नव्हती. मोटारीला लागतो तसला पत्रा देशात पुरेसा मिळत नसे, म्हणून टाकाऊ कापूस आणि रेझिन एकत्र दाबून केलेला प्लास्टिकसारखा पदार्थ वापरायचे. १९६४ साली आलेलं तिचं मॉडेल किरकोळ बदल सोडले तर १९९० पर्यंत जवळजवळ तसंच राहिलं. ती घ्यायची तर नाव नोंदवून दहा-दहा, बारा-बारा वर्षं थांबावं लागे. घरातलं पोर अठरा वर्षांचं झालं की आधी त्याच्या नावाने गाडीची नोंदणी करून ठेवायची. आणि वापरलेली ट्राबांट कोऱ्या ट्राबांटपेक्षा महाग विकली जायची.

साठीच्या पुढच्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे १९७०च्या दशकात स्कूटरचं हेच चाललं होतं. नंबर लागलेला माणूस कधीकधी स्कूटर घरी आणायच्या आधीच ‘ऑन’, म्हणजे वरचे पैसे, घेऊन दुसऱ्याला देऊन टाकायचा.

अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांचं शीतयुद्ध शाळेत आपण नाटो, वॉर्सा करार, क्युबातली क्षेपणास्त्रं या वाटेने शिकलो. भांडण नेमकं कशावरून होतं, हे मात्र त्यातून कळत नाही. मला ते या जुन्या गाडीतून जास्त चांगलं कळलं, म्हणून आपण तिथूनच निघू. आणि अमेरिका-रशियापेक्षा दोन जर्मनींकडे पाहू. एक भाषा, एक इतिहास, एकाच पराभवातून बाहेर पडलेली माणसं, आणि १९४९ पासून चाळीस वर्षं दोन वेगळ्या व्यवस्था. इतकी सरळ तुलना इतिहासात सहसा मिळत नाही. (सरळ म्हणजे अगदी सरळही नाही. पश्चिमेला अमेरिकेच्या मार्शल योजनेचा पैसा मिळाला, तर पूर्वेकडचे कारखाने सोव्हिएत सैन्याने युद्धाच्या भरपाईपोटी उपटून नेले. काही मार्गांवर तर रेल्वेचे दुसरे रूळसुद्धा उचलले. हे विसरून केलेली तुलना अप्रामाणिक ठरेल.)

आता गाडीचं कोडं. कुठल्याही वस्तूची किंमत दोन कामं करते. ही वस्तू किती दुर्मीळ आहे ते सांगते, आणि ती कुणाला मिळणार हे ठरवते. टोमॅटो शंभर रुपये किलो झाले की काही जण पिशवीत अर्धा किलोच टाकतात, काही जण चिंच-कोकमावर भागवतात, आणि पुढच्या हंगामात चार शेतकरी जास्त टोमॅटो लावतात. कुणी आदेश काढलेला नसतो. सरकारने उद्या भाव वीस रुपयांवर बांधून टाकला तर टोमॅटो तेवढेच राहतात, घेणारे मात्र वाढतात. मग कुणाला मिळणार हे भावाऐवजी दुसरं काहीतरी ठरवतं. रांग ठरवते, रेशनकार्ड ठरवतं, नाहीतर ओळख. पूर्व जर्मनीत कारखान्यातून निघणाऱ्या गाडीचा भाव सरकारने बांधला होता. जुन्या गाडीचा सौदा दोन माणसांत व्हायचा आणि त्यात दहा वर्षं न थांबण्याचीही किंमत धरलेली असायची.

तिथल्या लोकांनी यासाठी खास शब्द घडवले होते. ‘ब्यूकवारं’ म्हणजे वाकून काढायचा माल. दुकानदार काउंटरखाली वाकून जो ओळखीच्याच गिऱ्हाइकाला देतो तो. आणि अडलेलं काम व्हायला ‘व्हिटॅमिन बी’ लागतं म्हणायचे. यातला ‘बी’ हा जर्मन भाषेतल्या संबंधांचा, म्हणजे आपल्या वशिल्याचा.

मग असा उद्योग कुणी करावाच कशाला? साम्यवादी नेते मूर्ख होते किंवा दुष्ट होते, असं म्हणून हा प्रश्न निकालात काढता येतो, पण ते उत्तर आळशी आहे. १९३२ सालच्या जर्मनीत साठ लाखांच्या आसपास माणसं बेकार होती. कारखाने होते, कामगार होते, लोकांना वस्तूही हव्या होत्या, तरी यंत्रं बंद. कारण माल विकून नफा होईल असं मालकाला वाटत नव्हतं. त्या बेकारीच्या चिखलातच हिटलर वर आला आणि बड्या उद्योगपतींपैकी अनेकांनी त्याच्याशी जुळवून घेतलं. पुढे पूर्व जर्मनी चालवणारी पिढी नाझींच्या तुरुंगातून किंवा परागंदा होऊन मॉस्कोतून आलेली होती. त्यांच्या नजरेला बाजार म्हणजे हे सगळं दिसत होतं. मार्क्सकडून त्यांनी घेतलेलं म्हणणं थोडक्यात असं: कारखाना, खाण, जमीन ज्याच्या हातात, त्याच्याच हातात बाकीच्यांची पोटं. तेव्हा ही साधनं समाजाच्या मालकीची करा, आणि काय, किती बनवायचं ते नफ्यावर न सोडता गरज पाहून ठरवा. भाकरी, घरभाडं, औषध या गोष्टी पैशाच्या जोरावर मिळता कामा नयेत. वाचताना आजही यात काही वावगं वाटत नाही.

पश्चिमेच्या बाजूचं म्हणणं उलट होतं. लाखो वस्तू, कोट्यवधी माणसं, रोज बदलणाऱ्या गरजा. ही माहिती एका कचेरीत गोळा होऊच शकत नाही, ती भावातूनच फिरते. आणि ज्या सरकारच्या हातात सगळ्यांची नोकरी, घर आणि छापखाना आहे, त्या सरकारविरुद्ध बोलणार कोण?

२० जून १९४८, रविवार. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सच्या ताब्यातल्या जर्मनीत जुना पैसा बाद झाला आणि माणशी ४० नवे मार्क हातात पडले. त्याआधी नोटांना कुणी विचारत नव्हतं, व्यवहार अमेरिकन सिगारेटींवर चालत. त्याच सुमारास तिथला आर्थिक कारभार सांभाळणारे लुडविग एर्हार्ड यांनी बहुतेक वस्तूंवरची भावबंदी उठवली. दुसऱ्या दिवशी दुकानांच्या काचेमागे माल दिसू लागला! भांडी, बूट, सायकलच्या ट्यूब. एका रात्रीत कुणी हे बनवलेलं नव्हतं. खऱ्या पैशाची वाट पाहत माल गोदामात दडवलेला होता. पश्चिम जर्मनीच्या ‘आर्थिक चमत्कारा’ची गोष्ट नेहमी इथून सुरू करतात. पण गोष्टीतला पुढचा भाग सहसा गाळला जातो. भाव भडकले, पगार मागे राहिले, आणि १२ नोव्हेंबरला नव्वद लाखांच्या आसपास कामगारांनी एक दिवसाचा संप केला. चमत्कार पुढे झाला हे खरं, पण पहिल्या हिवाळ्यात तो रिकाम्या खिशाच्या माणसाला दिसत नव्हता.

सोव्हिएत बाजूने तीन दिवसांत आपलं वेगळं चलन आणलं. छपाईला वेळ नव्हता म्हणून जुन्या नोटांवर छापील कूपनं डकवली. लोक त्याला ‘वॉलपेपर मार्क’ म्हणू लागले. पाठोपाठ २४ जूनला सोव्हिएत सैन्याने, चहूबाजूंनी सोव्हिएत भागाने वेढलेल्या पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे अडवली. मे १९४९ पर्यंत वीस लाखांचं शहर विमानांनी जगवलं. तेवीस लाख टन माल गेला, त्यात निम्म्याहून जास्त नुसता कोळसा. शीतयुद्धातला हा पहिला मोठा पेच कोणता पैसा कुठे चालणार यावरून पडला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता योजना कशी चालायची ते पाहू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. सोव्हिएत संघात हे काम गॉसप्लान या संस्थेकडे होतं आणि पूर्व जर्मनीने त्याच धर्तीवर आपला योजना आयोग उभारला. वरून आकडा यायचा: या वर्षी इतके टन, इतके मीटर, इतके नग. कारखान्याचा व्यवस्थापक बोनस मिळावा म्हणून आकडा गाठायचा, पण फार पुढे जायचा नाही, कारण पुढच्या वर्षी तोच वाढीव आकडा बोडक्यावर बसणार. कच्चा माल मागताना दुप्पट मागायचा, आणि उरलेला लपवून ठेवायचा. आपल्या सरकारी कचेऱ्यांतली मार्चअखेरची घाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

शिवाय आकडा कशात मोजायचा? वजनात मोजला तर माल जड होतो. झुंबरांचं उत्पादन टनांत मोजतात म्हणून ती इतकी जड बनवली जातात, असा त्रागा खुद्द सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी केला होता. ‘क्रोकोडिल’ या सोव्हिएत व्यंगपत्रिकेतलं एक चित्र प्रसिद्ध आहे: खिळ्यांच्या कारखान्याने योजना पूर्ण केली आहे, एकच अवाढव्य खिळा बनवून.

याच व्यवस्थेच्या पोटात एक विलक्षण माणूस होता. लेनिनग्राडचे गणिती लिओनिद कांतोरोविच. प्लायवूडच्या धंद्यातल्या लोकांनी त्यांना एक अडचण विचारली: वेगवेगळी यंत्रं, वेगवेगळं लाकूड, कुठल्या यंत्राला काय दिलं तर जास्तीत जास्त माल निघेल? १९३९ साली त्यांनी त्यासाठी जी पद्धत काढली ती आज जगभर रेखीय प्रोग्रामिंग म्हणून शिकवतात. पण त्या गणितातून एक नको ती गोष्ट बाहेर आली. प्रत्येक टंचाईच्या वस्तूला गणित आपोआप एक ‘मोल’ लावायचं, आणि ते मोल टंचाईतून येत होतं. मार्क्सच्या शिकवणीप्रमाणे मोल श्रमातून यायला हवं. योजना उत्तम करायची तर बाजारभावासारखं काहीतरी लागतं, असं हे गणित सुचवत होतं! त्यांच्या कामाकडे बराच काळ संशयाने पाहिलं गेलं. १९७५ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी या आजाराचं दुसरं लक्षण सांगितलं. तोट्यातला कारखाना बंद पडत नाही, सरकार पदरमोड करून त्याला वाचवतं. कर्ज बाप फेडणार हे ठाऊक असलेला मुलगा जसा वागतो तसा मग तो कारखाना वागतो. गिऱ्हाइकाला खूश ठेवायची त्याला गरजच उरत नाही.

इथे पुन्हा बर्लिनकडे येऊ. १९६१ पर्यंत या शहराची सीमा बरीचशी उघडी होती. मेट्रोत बसून समाजवादातून भांडवलशाहीत जाता येत असे. पूर्वेकडे भाकरी, घरभाडं, हजामत, नाटकाचं तिकीट सगळं सरकारी मदतीने स्वस्त. पश्चिम बर्लिनमधल्या खासगी गाळ्यांत एका पश्चिमी मार्कला चार-पाच पूर्वेचे मार्क मिळायचे. मग पश्चिमेचा माणूस पूर्वेत जाऊन पाव घेणार, केस कापून येणार. आणि पूर्वेचा माणूस राहणार स्वस्त घरात, पण कामाला जाणार पश्चिमेत, पगार घेणार तिकडच्या पैशात. पूर्वेच्या दुकानांत खरेदी करताना ओळखपत्र दाखवायची सक्ती आली, तरी गळती थांबेना. पूर्वेच्या सरकारने पैसे घालून शिकवलेला डॉक्टर एका बॅगेनिशी गाडीत बसून निघून जायचा. १९४९ ते १९६१ या काळात सुमारे २७ लाख माणसं गेली आणि त्यातली निम्मी पंचवीस वर्षांच्या आतली होती.

१३ ऑगस्ट १९६१ च्या पहाटे काटेरी तारा आल्या, मग भिंत. माणसांना कोंडणारी भिंत म्हणून ती कुप्रसिद्ध आहे, आणि होतीच. पण माझ्या मते ती दोन भावपत्रकांमधलीही भिंत होती. एकाच रस्त्याच्या दोन टोकांना पावाचे दोन भाव फार दिवस टिकत नाहीत. भाव हुकमाने ठरवायचा असेल तर माणसांचं येणं-जाणंही हुकमानेच ठरवावं लागतं. अर्थव्यवस्था आणि राजकारण एकमेकांत अडकतात ते या जागी.

योजनेला एकच पक्ष का लागावा? तर्काने पाहिलं तर लागू नये. व्यवहारात मात्र योजनेवर टीका म्हणजे सरकारवर टीका आणि संप म्हणजे योजनेत विघ्न. जून १९५३ मध्ये पूर्व बर्लिनमधले बांधकाम मजूर रस्त्यावर आले, कारण त्याच पगारात दहा टक्के जास्त काम करा असं फर्मान होतं. कामगारांच्या राज्याने कामगारांवर सोव्हिएत रणगाडे घातले. १९६८ साली हंगेरीने भाव आणि कारखाने थोडे मोकळे सोडले, पण पक्षाची पकड तशीच ठेवली. त्यांना मॉस्कोने चालवून घेतलं. त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियाने वर्तमानपत्रांना बोलू दिलं, आणि ऑगस्टमध्ये प्रागमध्ये रणगाडे आले. मॉस्कोला जास्त भीती कशाची होती ते यावरून दिसतं.

लोकशाही हा शब्द दोन्हीकडे होता. पूर्व जर्मनीने तर तो देशाच्या नावातच घातला होता. त्यांचा अर्थ असा की ज्याला काम, घर, दवाखाना नाही त्याच्या मताला काय किंमत? प्रत्यक्षात मतदाराला एकच यादी मिळे, ती दुमडून पेटीत टाकायची. मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकीत सरकारी आकडा ९८.८५ टक्के होकाराचा होता. त्या वेळी नागरिकांनी काही केंद्रांवर उभं राहून स्वतः मोजणी टिपून घेतली आणि खोटेपणा उघडा पाडला. राजवटीच्या अखेरीस श्टाझी या गुप्त पोलिस खात्यात ९० हजारांवर पगारी माणसं होती, एक कोटी साठ लाखांच्या देशात. खबरे वेगळेच.

पण त्याच देशात नव्वद टक्क्यांच्या आसपास बायका नोकरी करत किंवा शिकत होत्या, आणि तान्ह्या मुलांसाठी पाळणाघरं जवळजवळ सगळीकडे होती. पश्चिम जर्मनीच्या कायद्यात १९७७ पर्यंत असं लिहिलेलं होतं की बायकोने घर-संसाराच्या कर्तव्याला बाध येणार नाही इतपतच नोकरी करावी. स्वातंत्र्याच्या देशात हा कायदा, हे वाचून मी पहिल्यांदा चक्रावलो होतो. साम्यवादी पक्षावरही तिथे १९५६ मध्ये बंदी आली. आणि बाजार आला की लोकशाही मागोमाग येते असंही नाही. १९७३ नंतरच्या चिलीमध्ये लष्करशहा पिनोशे यांनी बाजार मोकळा केला आणि संसदेला टाळं लावलं. अमेरिका त्या राजवटीच्या पाठीशी होती.

पश्चिम जर्मनीची व्यवस्था शुद्ध भांडवलशाही नव्हतीच. १९५१ पासून कोळसा आणि पोलाद उद्योगांत देखरेख मंडळावर कामगारांचे निम्मे प्रतिनिधी असत, १९५७ पासून पेन्शन वाढत्या पगाराबरोबर वाढू लागलं. शेजारच्या घरात साम्यवाद नांदत असताना आपल्या कामगाराला नाराज ठेवणं परवडणारं नव्हतं. हे औदार्य किती मनापासूनचं आणि किती शेजाऱ्याच्या धाकाने, ते ज्याने त्याने ठरवावं.

भारताने दोन्हीकडून थोडं थोडं घेतलं. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला, रूरकेलाचा पश्चिम जर्मनीच्या, दुर्गापूरचा ब्रिटनच्या. आपल्या गावागावांतल्या फोटो स्टुडिओंतून ‘ओर्वो’ची कृष्णधवल फिल्म वापरली जायची, ती पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनची. मूळचा तो आग्फाचा कारखाना. देश फुटला तशी कंपनीही फुटली, आणि पश्चिमेतली शाखा आग्फा हेच नाव लावून फिल्म बनवत राहिली.

सगळ्यात जास्त सांगण्यासारखी गोष्ट मात्र कॉफीची आहे. १९७५ मध्ये ब्राझीलच्या मळ्यांवर हिमतुषार पडले आणि जगात कॉफीचे भाव काही पटींनी वाढले. पश्चिम जर्मनीत लोकांनी कुरकुरत जास्त पैसे मोजले. पूर्वेत भाव वाढवायचा तर सरकारचा शब्द जातो, आणि बाहेरून घ्यायची तर डॉलर कुठून आणायचे? १९७७ साली सरकारने ‘काफे-मिक्स’ बाजारात आणली: ५१ टक्के कॉफी, बाकी चिकोरी, राय, बार्ली वगैरे. आपल्या फिल्टर कॉफीवाल्यांना चिकोरीचं वावडं नाही, पण हे मिश्रण यंत्रांत अडकायचं आणि चव भयंकर. पश्चिमेत ‘क्रोनुंग’ नावाची लोकप्रिय कॉफी होती. लोकांनी या मिश्रणाला पूर्व जर्मनीचे सर्वेसर्वा एरिक होनेकर यांच्या पहिल्या नावावरून ‘एरिकची क्रोनुंग’ म्हणायला सुरुवात केली. तक्रारींचा पाऊस पडला आणि ते मिश्रण गुंडाळावं लागलं. निवडणुकीत ज्यांना कधी ‘नाही’ म्हणता आलं नाही, त्यांनी कॉफीला ‘नाही’ म्हटलं.

मग इथिओपियाला शस्त्रं आणि ट्रक देऊन बदल्यात कॉफी घेतली. इथिओपियाने लवकरच रोख परकीय चलन मागितलं. शेवटी पूर्व जर्मनी गेला व्हिएतनामला. १९८०च्या सुमारास करार झाला: दाक लाकच्या पठारावर तुम्ही कॉफी लावा, यंत्रं, ट्रक, पाण्याची सोय आम्ही करतो, पिकातला मोठा वाटा आमचा. कॉफीचं झाड भरात यायला काही वर्षं लागतात. ती गेली. दरम्यान व्हिएतनामच्या साम्यवादी पक्षानेच १९८६ मध्ये बाजार मोकळा करायला सुरुवात केली.

९ नोव्हेंबर १९८९ ला भिंत उघडली. १ जुलै १९९० ला पूर्वेत पश्चिमी मार्क आला, पगार एकास एक या दराने बदलले. त्या पगारावर माल बनवून पश्चिमेशी टक्कर देणं तिथल्या बहुतेक कारखान्यांना जमण्यासारखं नव्हतं, आणि माणसं लाखांनी बेकार झाली. ज्या ट्राबांटसाठी बारा वर्षं थांबले होते ती लोकांनी रस्त्याकडेला सोडून दिली. ३ ऑक्टोबर १९९० ला तो देशच नकाशावरून गेला.

दाक लाकची झाडं तेव्हा फळायला लागली होती. आज व्हिएतनाम ब्राझीलच्या खालोखाल जगातला दुसऱ्या क्रमांकाचा कॉफी उत्पादक आहे, राज्य अजून एकाच पक्षाचं आहे, आणि कॉफी जागतिक बाजारभावाने विकली जाते. तिच्या मोठ्या गिऱ्हाइकांत जर्मनी आहे.